तिने मढवलेलं पान

ड्रमवर चामड्याचं पान कसं मढवायचं हे बायकोने मला शिकवलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. तीस वर्षं ती मढवत होती आणि मी वाजवत होतो. ती गेली तेव्हा तिच्या हातचं एकच पान उरलं होतं. ते मला तेरा दिवस सांभाळायचं होतं. तेवढंही जमलं नाही. ते कसं झालं तेवढंच लिहितो. शाळा पाचवीपर्यंत, त्यामुळे चुका असतील. असू देत.

मी सातारा जिल्ह्यातला. पलटणीच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली. पेन्शनीवर आलो तेव्हा गावात भावाभावांची भांडणं चालली होती, म्हणून इथंच राहिलो. इथल्या सी-स्कीम भागातल्या एका हॉटेलात संध्याकाळी नाचायचा बँड असायचा. तिथला ड्रमर गोव्याचा, वयाने थकलेला. त्याने मला हाताखाली घेतलं आणि वर्षभराने गावी जाताना आपला सगळा सेट मला देऊन गेला. सेट तेव्हाच जुना होता. लाकडी पिंप, वर मोत्यासारखा चकाकणारा पत्रा, चामड्याची पानं आणि तारांचे दोन ब्रश.

ब्रश म्हणजे काय ते सांगतो, कारण आता ते फारसं कोणी बघत नाही. हातभर नळी, तिच्या तोंडातून पंख्यासारख्या पसरणाऱ्या बारीक तारा. मागची कडी ओढली की तारा आत जातात. काठीने ड्रम ठोकतात, ब्रशने तो घासतात. डाव्या हाताने पानावर गोल गोल फिरवायचं, उजव्याने मधेमधे टिचकी. पहिल्यांदा हातात दिले तेव्हा मी म्हणालो, "हे काय, झाडू?"

म्हातारा म्हणाला, "झाडू नाय रे. माशा मारायचं."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो खरंच सांगत होता. विलायतेकडे कोणीतरी माशा मारायला तारांचा असा झुपका केला होता, लांब-आखूड होणारा. माशा किती मेल्या देव जाणे, पण ड्रमवाल्यांनी तो उचलला. तेव्हा माइक नव्हते. लहानशा दिवाणखान्यात काठीने ड्रम वाजला की गाणाऱ्या बाईचा आवाज बुडायचा. हॉटेलवाले ड्रमवाल्याला बाहेर काढायला टपलेले असायचे. ब्रश आला आणि ड्रमवाला आत राहिला. त्याच्याही आधी, म्हणे, मोठा ड्रम एक माणूस वाजवायचा आणि लहान दुसरा, आमच्या पलटणीसारखंच. मग कोणीतरी पायाने दाबायची लाकडी दांडी केली आणि दोन माणसांचं काम एकावर आलं. "दुसऱ्याची नोकरी गेली," म्हातारा म्हणायचा आणि हसायचा. मोठ्या ड्रमच्या पोटात तेव्हा विजेचा दिवा ठेवत. लोकांना वाटायचं शोभेसाठी आहे. तो चामडं कोरडं राहावं म्हणून असायचा. आमच्याही सेटमध्ये होल्डर होता. जयपुरात दिव्याची गरज कधी पडली नाही. इथं उलटंच. इथलं ऊन चामड्याला इतकं ताणतं की ते फाटतं.

आणि पहिल्याच मे महिन्यात लहान ड्रमचं पान फाटलं.

तेव्हा प्लास्टिकची पानं दिल्लीत मिळायला लागली होती. ती फाटत नाहीत, उन्हापावसाने हलत नाहीत. पण त्यातल्या गुळगुळीत पानावर ब्रश घसरतो, नुसता. तार कशाला तरी अडकली पाहिजे, तेव्हा आवाज येतो. चामड्याला बारीक रवा असतो, तो तारेला धरतो. म्हातारा जाताना सांगून गेला होता, चामडंच ठेव. म्हणून मी परकोट्याच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत ढोलक करणाऱ्या एका माणसाकडून बकऱ्याचं कच्चं पान आणलं, टबात भिजवलं आणि लाकडी कड्यावर गुंडाळायला बसलो. त्याची कड कड्याभोवती वळवून चमच्याच्या दांड्याने आत खुपसायची असते. मी एक बाजू खुपसली की दुसरी सुटायची. तासभर शिव्या देत होतो.

आमची ही भाजी निवडत बघत होती. शेवटी उठली. "सरका. करंजीची मुरड कधी घातली आहे का आयुष्यात?"

"करंजीचा काय संबंध?"

"तेच आहे की हे."

तिने चमचा घेतला आणि चिमटीने कड वळवत, दांड्याने खुपसत, कड्याभोवती फिरत गेली. एकसारख्या घड्या. सुरकुती नाही. मी नुसता बघत राहिलो. वाळल्यावर बोल्ट आवळले, ब्रश फिरवला. असा आवाज फाटलेल्या मूळ विलायती पानाचाही नव्हता.

विलायती पान वासराचं होतं. मी तिला बकऱ्याचं म्हणून सांगितलं होतं, नाहीतर सेट घराच्या उंबऱ्याआत आला नसता. बऱ्याच वर्षांनी मी कबूल केलं तर म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या मोठ्या ड्रमवर अखंड पान. एवढं मोठं बकरं असतं होय?" एवढी वर्षं बोलली नाही. तिच्या देवांना काय सांगत होती कोण जाणे.

तेव्हापासून पान हे तिचं काम झालं. लहान ड्रम मी हॉटेलातून रोज घरी आणायचो, सराव घरीच करायचो. फक्त मढवणं नाही, सांभाळणंसुद्धा. वाजवायच्या आधी हवा बघून मी चावीने बोल्ट आवळायचो. वाजवून झालं की ती प्रत्येक बोल्ट दोन फेरे सैल करायची. चामडं आहे, ओलं असलं की ढिलं पडतं, सुकलं की स्वतःच ताणतं. आवळलेलं तसंच ठेवलं आणि वर लू, इथला उन्हाळी गरम वारा, लागली की गेलंच. मी वाजवून उठलो की चहाला जायचो. मागे चावीचा किरकिर आवाज यायचा. तेवढंच मला माहीत.

हॉटेलवाल्यांनी पुढे बँड काढून टाकला. त्याच्या जागी एक माणूस आणि एक मशीन, त्यात ड्रमही निघतो. मी सगळा सेट कायमचा जवाहर नगरच्या घरी आणला. मोठा ड्रम गच्चीच्या खोलीत गेला, लहान ड्रम आणि ब्रश आमच्या खोलीत राहिले. दुपारी कूलर लावून मी ब्रश फिरवायचो. काठ्या चालल्या नसत्या, खाली मालक राहतो. ब्रशची तक्रार कोणी केली नाही. ही पलंगावर पडून ऐकायची. म्हणायची, "सुपात तांदूळ पाखडल्यासारखं वाटतं. झोप लागते."

"म्हणजे माझं वाजवणं ऐकून झोप येते."

"मग? इतक्या वर्षांत तेवढा एकच उपयोग झालाय तुमचा."

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर, तपासण्या, मिलिटरी हॉस्पिटल. मुलगा सीतापुऱ्याला एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, तो सुट्ट्या टाकून धावला. पोट उघडून परत शिवलं. डॉक्टरने मुलाला बाहेर नेऊन सांगितलं. मुलगा मला सांगायला आला, त्याला मराठी सापडेना. "बाबा, मतलब, आईचं... घरी घेऊन जा म्हणाले." मी म्हणालो, कळलं.

घरी आणल्यावर होळीच्या सुमारास तिने शेवटचं पान मढवलं. जुनं चिरलं नव्हतं, नुसतं घासून पातळ झालं होतं. मी म्हणालो राहू दे. ती ऐकेना. सुनेने टब आणून दिला, पाठीशी उशा लावल्या. अर्ध्या तासाचं काम सबंध दुपारभर चाललं. मधे दोनदा आडवी झाली. तेव्हा मला म्हणाली, "तेराव्याला गोड जेवण झालं की हे वाजवा. ह्याच पानावर."

"काहीतरी बोलू नकोस."

"आणि टाळ कुटणाऱ्या बायका बोलावू नका. माझं डोकं उठतं त्यांनी."

मी हो म्हणालो. तिने ते दोनदा वदवून घेतलं.

वैशाखात ती अगदी खालावली. एका दुपारी म्हणाली, "वाजवा." कूलरच्या ओलीने पान ढिलं पडलं होतं. मी आठही बोल्ट चांगले आवळले आणि बसलो. तासभर वाजवलं असेल. तिचे डोळे मिटले होते. मी ब्रश ठेवले आणि हळूच उठलो. तर डोळे न उघडता म्हणाली, "सैल केलं का?"

मी म्हणालो, "केलं."

केलं नव्हतं. आवळून झाल्यावर चावी परत कपाटाच्या वर ठेवली होती, पुन्हा स्टूल घ्यायला लागलं असतं. म्हणालो नंतर करू. तिला खोटं सांगितलं ते काही मोठ्या विचाराने नाही, कंटाळ्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. सुनेने चहा नेला आणि तिथूनच हाक मारली.

त्यानंतर घरात माणसं झाली. तिची धाकटी बहीण साताऱ्याहून आली. आता घरात मोठी बाई तीच, काय करायचं काय नाही ते तीच सांगायची. ड्रम बघून म्हणाली, "दाजी, हे आत्ताच्या आत्ता वर ठेवा. सुतकात वाद्य डोळ्यासमोर नको." मुलाने जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. माळा म्हणजे छताला लागून. वर थेट स्लॅब, त्यावर जयपूरचं मे महिन्याचं ऊन. कूलर बंद केला होता, कारण खाली जमिनीवर माणसं बसायची आणि दारं उघडी.

चौथ्या दिवशी, जमिनीवर पडल्या पडल्या, मला आठवलं. बोल्ट आवळलेले आहेत.

उठलो आणि मेहुणीला म्हणालो, "तो ड्रम जरा खाली घ्यायचा होता."

"कशाला?"

"बोल्ट सैल करायचेत. फाटेल."

 तिथं आणखी चार बायका होत्या, शेजारी राहणाऱ्या बँकेतल्या एका साहेबांच्या घरच्या. मेहुणी हळू आवाजात म्हणाली, "दाजी, ताई जाऊन चार दिवस झालेत. तुम्हाला ड्रमचं सुचतंय?"

मी परत जमिनीवर बसलो. आवाज होणार नव्हता. चावी लावायची आणि फिरवायची, कुलूप उघडल्यासारखं. देवाला कळलं नसतं, शेजाऱ्यालाही नाही. आणि हिनेच वाजवायला सांगितलंय हे मी बोलू शकत होतो. बोललो नाही. चार बायकांसमोर लाज वाटली. पलटणीत असताना हवालदार मेजरला तोंडावर सुनावणारा मी, मेहुणीपुढे गप्प बसलो. मग मनाची समजूत घातली, एवढी वर्षं टिकतं तर आणखी नऊ दिवस टिकेल. हिच्या हाताची मुरड आहे. सुटणार नाही.

मुरड सुटली नाही, हे खरं.

रोज दुपारी मी माळ्याखाली सतरंजी टाकून पडायचो. मुलगा म्हणायचा, "बाबा, इकडे पंख्याखाली या ना." मी म्हणायचो, मला इथं बरं वाटतं. पाचवा, सहावा, सातवा. कान वर. नवव्या दिवशी, जेवणं आटोपून सगळे पेंगत होते तेव्हा, वरून टाक् करून आवाज आला. वाळलेली फांदी मोडावी तसा. मेहुणी दचकून म्हणाली, "काय पडलं?" सून म्हणाली, "कबूतर असेल मावशी, इथं फार कबूतरं."

मला माहीत होतं. मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी मी रडलो. ती गेली त्या दिवशी रडलो नव्हतो, तर सगळ्यांना वाटलं आता सुटला बांध, बरं झालं. मेहुणी पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला मी काय सांगणार होतो.

तेराव्याला श्रीखंड होतं. माणसं जेवून गेली. मेहुणी स्वतःच म्हणाली, "दाजी, आता घ्या हवं तर ते खाली." हिने मला काय सांगितलं होतं ते मुलाला ठाऊक होतं, त्याने स्टूल लावलं, ड्रम उतरवला, चादर सोडली. पान एका कडेपासून पार दुसऱ्या कडेपर्यंत चिरलं होतं. दोन्ही ओठ वर वळले होते. कडेच्या घड्या जशाच्या तशा, एकसुद्धा हललेली नाही.

 "हे कसं झालं बाबा?"

"उन्हाने."

"मग आता? आईला तर..." त्याने चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "प्लास्टिकचं लावू या का? मी आत्ता जाऊन आणतो. बाजार उघडा असेल. मतलब, वाजवल्याशी मतलब ना?"

पोरगा गुणाचा आहे. वाईट नव्हता बोलला. मी त्याच्यावर ओरडलो. त्याच्या बायकोसमोर, मावशीसमोर, काय वाटेल ते बोललो. तो स्टूल घेऊन गेला. मी ब्रश उघडून त्या चिरलेल्या पानावर एकदा फिरवला. तारा चिरेत अडकल्या. सोडवून घेतल्या आणि मिटून ठेवल्या. तेराव्याला मी वाजवलं नाही. तिने दोनदा वदवून घेतलेलं मी केलं नाही, आणि ते कोणामुळे झालं हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. मुलाने वाचलं तर वाचू दे.

पाऊस संपल्यावर मी परकोट्यात त्या ढोलकवाल्याकडे गेलो. तो आता माझ्याहून म्हातारा दिसतो. म्हणाला, "फौजी साब, इस बार भाभीजी नहीं आईं?"

मी विचारलं, ती येत होती का इथं?

"हर बार वही तो आती थीं। एक-एक चमड़ा उजाले में देख के लेती थीं। आप तो बस एक बार आए थे, शुरू में।"

मला वाटायचं पान सून आणते, नाहीतर मुलगा. खरं म्हणजे मला काहीच वाटायचं नाही. पान संपलं की नवीन पान घरात असायचं. शाकाहारी बाई, अंड्याचं टरफल घरात येऊ दिलं नाही कधी, ती सिटी बसने जाऊन त्या गल्लीत, कातड्यांच्या ढिगात उभी राहून, उजेडात धरून बघत होती.

घरी येऊन पान टबात टाकलं. दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं आणि वास आला. मला वास माहीत होता असं मी समजत होतो. पहिल्या वेळी मी तासभर हाताळलं होतं, पण तेव्हा जवान होतो, रागात होतो. आता बसून हळूहळू कड वळवायला लागलो तर तो वास नाकातून उतरेना. बुळबुळीत, नखांत शिरणारा. साबणाने जात नाही. लिंबानेही पुरता जात नाही.

आणि मग आठवलं. पान मढवायचा दिवस असला की ती न्हाऊन यायची, ओल्या केसांनी स्वयंपाक करायची. जेवायला बसताना मी दर वेळी विचारायचो, "हात नीट धुतलेस ना?" दर वेळी. ती म्हणायची, "धुतले हो," आणि भाकरी वाढायची. माझ्या ड्रमसाठी तिचे हात घाण झाले होते आणि मी भाकरी वास घेऊन खात होतो. तिने एकदाही म्हटलं नाही की मग तुम्हीच मढवा तुमचं.

पहिलं पान सुटलं. दुसरं वाळताना एका बाजूला सुरकुतलं. तिसरं कसंबसं बसलं, वाळलं, आवळलं. एका सकाळी वाजवायला बसलो. एका अंगाला आवाज बरा, दुसऱ्या अंगाला नुसती फसफस. मुलगा कारखान्यात निघाला होता, हेल्मेट हातात घेऊन दारात उभा राहिला. तेराव्यापासून आमचं बोलणं कमीच होतं. म्हणाला, "ठीक वाटतंय बाबा."

"ठीक नाही."

"मला तरी आईच्या पानासारखंच वाटतंय."

"तुला कान नाहीत."

तो हसला. मग हेल्मेट ठेवून माझ्यासमोर खाली बसला आणि विचारलं, हे मढवायचं कसं? मला सांगता येईना. करंजीसारखं, एवढंच म्हणालो. त्याने करंजी कधी केलेली नाही, मीही नाही. सुनेला हाक मारली तर ती म्हणाली, आमच्याकडे साच्याने करतात.

आता चौथं पान टबात आहे. उद्या काढून कड्यावर घेईन. बोल्ट मात्र रोज सैल करतो, वाजवलं असो नसो. कपाटावरून चावी काढून खिळ्याला लावली आहे. वर्षश्राद्धाला एखादं तरी नीट बसेल असं वाटत नाही. बोटं आता वळत नाहीत, आणि तिची मुरड मी कधी जवळून बघितली नाही.

पान मढवायच्या दिवशी जेवायला बसलो की सून ताट वाढताना माझ्या हातांकडे बघते.  मी हात पुढे करून तिला दाखवतो, दोन्ही बाजूंनी.